काडेपेटी घालून परत आलेला डबा

संक्रांतीपासून मला घरात एका जागी बसवत नव्हतं. चहा गाळला की खिडकीशी, कुकर लावला की खिडकीशी. आमच्या स्वयंपाकघरातून कुंपणापलीकडचं अंगण दिसतं, आणि त्या अंगणात माझी शत्रू आपल्या कुंड्यांना पाणी घालत असायची. शत्रूचं वय नव्वद. डोक्यावर उन्हाची टोपी, हातात झारी, कमरेत वाकलेली. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवून मी किती वेळा बघायचे ते माझ्या नातीला विचारा.

"आजी, तू तिच्यावर वॉच ठेवतेयस," नात म्हणायची. ती इंग्रजीत बोलते, मी मराठीत, आणि आमचं व्यवस्थित भांडण होतं.

"मी पाऊस येतोय का बघतेय."

"सनीव्हेलमध्ये? मे महिन्यात?"

युद्ध कशावरून पेटलं ते सांगण्याआधी त्याआधीचा चाळीस वर्षांचा व्यापार सांगायला हवा.

लग्न होऊन मी इथे अमेरिकेत आले तेव्हा पुण्याहून एम. ए. होऊन आले होते, इतिहास घेऊन. ती मुलगी आज मला भेटली तर मी तिला आधी खाली बसवेन आणि पाणी देईन, म्हणजे तेवढा वेळ तरी तिचं तोंड बंद राहील. दुसऱ्या महायुद्धाची कारणं विचारली तर आठ मुद्दे, प्रत्येकाखाली दोन उपमुद्दे आणि शेवटी समारोप, असं ती झोपेतही म्हणून दाखवायची. पहिल्याच आठवड्यात तिला कुंपणाशी शेजारीण दिसली, चेहरेपट्टीवरून जपानी. आमच्या विदुषीने काय करावं? दोन्ही हात मांड्यांना चिकटवले आणि कमरेत अशी वाकली की कानातली कुडी गवतात पडली.

शेजारीण जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हाय. तुमचं काही हरवलंय का?"

आता खरोखरच हरवलं होतं. ती बाई कुंपणाचं फाटक उघडून आत आली आणि आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून गवत चाचपू लागलो. गप्पा करायच्या म्हणून मी विचारलं, "जपानहून कधी आलात?"

"मी इथलीच. फ्रीवेवरून दोन एक्झिट पुढे जन्मले," ती म्हणाली, आणि तिला कुडी सापडली.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं, शेजारच्या बाई जरा तुटक वाटतात.

तरी कुडी शोधून दिली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी बेसनाचे लाडू नेले. माझ्या रुखवतातल्या स्टीलच्या डब्यातून, ज्याच्या बुडाशी आईचं नाव कोरलेलं आहे. नाव कोरायचं कारण उघड आहे, डबा परत यावा. तो आला, घासून लख्ख, आणि आत तिच्या झाडाची लिंबं. तिने भरून पाठवला म्हणजे माझ्यावर आलं. मी थालीपीठं दिली. तिच्याकडून तांदळाच्या पिठाचे, आत गोड पुरण असलेले पांढरे गोळे आले. मग माझ्या चकल्या, तिचे पर्सिमन, म्हणजे टोमॅटोसारखी दिसणारी गोड नारिंगी फळं. नवरा होता तेव्हा म्हणायचा, "हा डबा आपल्या घरी राहतो की तिच्या?" खरंच सांगता आलं नसतं. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालतात. ती अमेरिकन बाई न सांगता हे कसं पाळते, याचं मला कौतुक वाटायचं आणि त्याहून पुढे माझा मेंदू कधी गेला नाही.

ती मिडल स्कूलमध्ये गणित शिकवायची. माझा मुलगा अपूर्णांकांसाठी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचा आणि येताना तोंडाला काहीतरी लावून यायचा. मी येताजाता तिच्याशी बोलायचे, भाज्यांवर, सांधेदुखीवर, नवऱ्यांवर. एकदा बोलता बोलता ती म्हणाली, "लहानपणी आम्ही काही वर्षं वायोमिंगमध्ये होतो."

"वडिलांची बदली झाली होती का?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली, कुडीच्या दिवशी बघितलं होतं तशी. "नाही," म्हणाली, आणि लाडवांना बेसन किती वेळ भाजायचं ते विचारलं. मी सविस्तर सांगितलं. आठ मुद्दे.

तर असा व्यापार. मग गेली दिवाळी आली. मी हौसेने सगळा फराळ भरून दिला. नाताळच्या आधी ती दारात उभी, हातात डबा आणि वर आणखी एक मोठा खोका. आत वाळवलेले पर्सिमन. हे प्रकरण साधं नसतं. फळं सोलून दोरीने छपराखाली टांगायची आणि रोज एकेक फळ बोटांनी हलकंसं चोळायचं, आठवडेच्या आठवडे, तेव्हा कुठे साखर आपोआप वर येते. तिचे हात आता कापतात. मला ते टांगलेले पर्सिमन खिडकीतून रोज दिसत होते, आणि त्या कापऱ्या बोटांनी ती हे माझ्यासाठी करत होती म्हटल्यावर माझ्या घशाशी काहीतरी आलं. घशाशी आलं की मराठी बाई काय करते? रागावते.

"हे कशाला?" मी बोट नाचवून म्हणाले. "या वयात हे उद्योग? पुन्हा काही आणायचं नाही, सांगून ठेवते. अजिबात काही आणायचं नाही."

इंग्रजीत म्हणाले. माझं इंग्रजी चांगलं आहे, तिथेच घात झाला.

तिने खोका माझ्या हातांत ठेवला. मग म्हणाली, "ओके."

संक्रांतीला मी गूळपोळ्या नेऊन दिल्या. दोन-तीन दिवसांनी डबा पायरीवर ठेवलेला सापडला. बेल वाजवली नव्हती. उचलला तर हलका, आणि आत काहीतरी खुळखुळलं. झाकण काढलं. एक काडेपेटी. साधी, लाल निळी, दुकानात मिळते तशी.

मी ती काडेपेटी टेबलावर ठेवली आणि तिच्याभोवती फेऱ्या मारल्या. याचा अर्थ काय? तुझ्या गूळपोळ्या जाळून टाक? चाळीस वर्षांचं नातं आपण पेटवून देऊ? मुलगा ऑफिसातून आला, त्याला दाखवली.

"आई, चुकून राहिली असेल," तो म्हणाला.

"घासलेल्या डब्यात चुकून?"

"मग जाऊन विचार ना."

"मी का विचारू? तिने पाठवलीय."

काडेपेटी मात्र मी टाकून दिली नाही. अपमान आपल्या जागी आणि काडेपेटी आपल्या जागी. ती देव्हाऱ्याशी ठेवली आणि रोज सकाळी तिच्याच काडीने निरांजन लावून, रोज नव्याने चिडून, हात जोडले.

नंतर सगळं शिस्तीत बिघडत गेलं. मी डबा पाठवला नाही. तिच्याकडून काही आलं नाही. कुंपणाच्या कडेला तिच्यासाठी ठेवलेली कढीपत्त्याची कुंडी मी उचलून मागच्या बाजूला नेली. मार्चमध्ये माळी आला आणि तिच्या लिंबाची आमच्या अंगणात आलेली फांदी कापून गेला. वर्षानुवर्षं त्या फांदीची लिंबं आमची होती, हे दोन्ही घरांना माहीत होतं. त्या दिवशी मी मुलाला जेवताना सांगितलं, "बघितलंस? आता उघड उघड." मुलगा कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या कंपनीत आहे. कुठल्या देशाला काय विकायचं नाही याचे नवे नियम त्याच्या फोनवर सारखे येत असतात. तो जेवता जेवता फोन बघत म्हणाला, "आई, प्लीज. दिवसभर हेच ऐकून येतोय."

मेच्या सुरुवातीला दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. शेजारच्या हिरवळीत घर विकायचं असल्याची पाटी लागली, आणि नातीला इतिहासाच्या वर्गात प्रेझेंटेशन आलं.

पाटीचं मुलाने चौकशी करून सांगितलं. ती मुलीकडे ऑरेगॉनला चालली होती, कायमची, महिनाअखेरीला. मी म्हणाले, जाऊ दे. मग कणीक मळायला घेतली आणि त्यात दोनदा मीठ घातलं. ती जाईल. घर रिकामं होईल. ती काडेपेटी का पाठवली हे मला मरेपर्यंत कळणार नाही, आणि नव्वदाव्या वर्षी गेलेलं माणूस सुटीला परत येत नाही. हे मला समजत होतं. तरी पाय कुंपणापर्यंत जायचे आणि तिथून कचऱ्याचा डबा सरळ करून परत यायचे. त्या महिन्यात आमचा कचऱ्याचा डबा फार सरळ होता.

नातीचा विषय होता, जपान आणि अमेरिका व्यापार करता करता युद्धापर्यंत कसे आले. माझ्या अंगात एम. ए. संचारली. मी डायनिंग टेबलावर तिच्यासमोर बसले आणि आठही मुद्दे सांगितले, समारोपासह.

ती ऐकून म्हणाली, "आजी, हे बुलेट पॉइंट्स आहेत. टीचरला ते नकोयत. बघ, जपान या अमेरिकनांना रेशीम विकत होता. हे त्यांना तेल विकत होते, कापूस, भंगार लोखंड. मग जपान चीनमध्ये घुसला, आणि तरी कितीतरी वर्षं हे तेल विकतच राहिले. मग यांनी आधी व्यापाराचा करार मोडला, मग भंगार बंद, मग बँकेतले पैसे गोठवले, मग तेल बंद. मग पर्ल हार्बर. मला हे विचारायचंय की साध्या लोकांना ते येताना दिसलं का?"

"दिसतं," मी म्हणाले. "आधी देणं-घेणं थांबतं. मग प्रत्येकाला वाटतं, सुरुवात समोरच्याने केली. मग फांदी कापतात."

"कुठली फांदी?"

मी टेबल पुसायला लागले. पण ती मुलगी हुशार आहे, माझ्यावर गेलेली नाही. तिने खिडकीकडे बघितलं आणि लॅपटॉप मिटला.

"आजी, नो. चीनमध्ये माणसं मारली जात होती. लाखो. तेल बंद केलं ते कुणी रुसलं म्हणून नाही. तुझा आणि तिचा स्टीलचा डबा म्हणजे वर्ल्ड वॉर नाहीये."

"मी कुठे म्हटलं?"

"तू तोंडाने नाही म्हटलंस. आणि ऐक, मी तिचा इंटरव्ह्यू घेणार आहे. ती तेव्हा होती ना इथे? तुमच्यापैकी कुणी तिला कधी विचारलंय?"

मला वायोमिंग आठवलं. आणि बदली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना नात परस्पर तिच्याकडे जाऊन आली. "शनिवारी बोलावलंय," म्हणाली. "आणि तिने विचारलं, आजी येणार का."

"कसं विचारलं? म्हणजे आवाज कसा होता?"

"आवाजासारखा आवाज होता, आजी."

शनिवारी सकाळपासून मी स्वयंपाकघरात उभी. न्यायचं काय? रिकाम्या हाताने जाववेना आणि भरल्या हाताने जायचं म्हणजे शरणागती. लाडू केले असते तर दिसलं असतं की कालपासून तयारी चालली होती. शेवटी थालीपीठं लावली, घाईत केल्यासारखी, आणि ती घाईतली दिसावीत म्हणून एक मुद्दाम जरा करपवलं. डब्यात भरली. डबा छातीशी धरून मी नातीमागून चालत गेले, जणू तिची मदतनीस.

घरात सगळीकडे खोकी. भिंतींवर तसबिरी काढलेल्या जागी फिकट चौकोन. शेजारणीने डबा माझ्या हातातून घेतला, दोन्ही हातांनी, आणि ओट्यावर ठेवला. उघडला नाही. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता फार व्यवस्थित बसलो. नातीने फोन मध्ये ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

ती बोलू लागली. वडील शेवंती लावायचे, भाड्याच्या जमिनीवर, पांढऱ्या विरळ कापडाच्या मांडवाखाली. दर शनिवारी फुलांचा व्यापारी ट्रक घेऊन यायचा, खाली उतरायचा, आईच्या हातचा चहा प्यायचा, या पोरीला खाऊची गोळी द्यायचा. आईचं माहेर जपानात, तिथे घरोघरी रेशमाचे किडे. आई इथल्या दुकानात गेली की बायकांचे रेशमी मोजे बोटांत धरून बघायची. घ्यायची नाही. नुसतं चाचपून म्हणायची, हे माझ्या बहिणीचं असेल.

"मग एक दिवस आई म्हणाली, दुकानातले मोजे बदलले. आता बहिणीचे नाहीत," शेजारीण म्हणाली. "बोटी यायच्या बंद झाल्या होत्या. पत्रंही. वडिलांचे पैसे ज्या बँकेत होते तिने दार लावलं. वडील म्हणायचे, जपान चीनमध्ये करतोय ते वाईट आहे. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी पहिलीत होते. मला एवढंच कळलं की फुलांचा व्यापारी शनिवारी आला आणि ट्रकमधून उतरलाच नाही. काच खाली करून फुलं घेतली आणि काच पुन्हा वर केली. पुढच्या शनिवारी आला नाही. युद्ध त्यानंतर लागलं. माझ्यासाठी ते त्या काचेपासून लागलं होतं."

वसंतात सरकारने इथल्या सगळ्या जपानी घरांबरोबर त्यांनाही नेलं. हातात मावेल तेवढंच सामान. आधी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, तबेल्यात. मग वायोमिंगची थंडी, लाकडी बरॅक, भोवती काटेरी तारा. नात विचारत होती, मी खाली बघत होते. बदली, मी म्हणाले होते. वडिलांची बदली.

"तिथे दिवस कसे जायचे?" नातीने विचारलं.

"माणसं तीच राहतात ना. आया एकमेकींकडून भांडी मागायच्या. कुणी आजारी असलं तर पेजेचा वाडगा पाठवायच्या. वाडगा परत करताना आईची पंचाईत व्हायची. आत घालायला काही नाही. तिच्या माहेरी रीत होती, भांडं रिकामं परत करायचं नाही. काहीच नसलं तर काडेपेटी घालायची. कुणाच्याही घरी लागते, कुणाला ओझं होत नाही. कॅम्पात काडेपेट्याही मिळायच्या नाहीत सहज. मग ती दोनतीन काड्या कागदात गुंडाळून घालायची."

नातीने माझ्याकडे बघितलं. तिला काडेपेटीची गोष्ट माहीत होती. घरात ती कुणाला माहीत नव्हती?

"जानेवारीत," मी म्हणाले. "जानेवारीत तुम्ही मला काडेपेटी पाठवलीत."

"तू म्हणालीस, काही आणू नकोस." ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "अजिबात काही नाही, असं म्हणालीस. बोट दाखवून. मला वाटलं, माझं देणं तुला जड झालं. बरोबर आहे, म्हटलं. पण डबा रिकामा कसा देऊ? त्यावर तुझ्या आईचं नाव आहे."

"आमच्याकडे 'काही आणू नका' म्हणतात," मी म्हणाले, "तेव्हा समोरच्याने आणायचं असतं."

"ते मला कसं कळावं? मी गणित शिकवायचे."

नात हसली. फोन अजून चालूच होता. मला हसू येत होतं आणि उठून फेऱ्याही माराव्याशा वाटत होत्या, पण खोक्यांमुळे जागा नव्हती.

"आणि फांदी?" मी विचारलं.

"कसली फांदी?"

"लिंबाची. आमच्या बाजूची."

"ती? घर विकणाऱ्या एजंटने कापायला सांगितली. कुंपणावर आलेली फांदी गिऱ्हाइकाला आवडत नाही म्हणे." मग ती जरा थांबली. "तू कढीपत्ता का हलवलास? मला वाटलं, ऊन लागत नसेल."

माझ्या गनिमी काव्याची नोंदसुद्धा शत्रूने घेतली नव्हती. तिने माझ्या कुंडीच्या उन्हाची काळजी केली होती.

निघताना ती डबा उघडायला लागली, रिकामा करून द्यायला. मी तिचा हात धरला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी तिच्याशी सरळ बोलले, उलटं नाही, रागावून नाही. "डबा ठेवा. ऑरेगॉनला घेऊन जा. पण तो मला परत हवाय. आणि भरलेला हवाय."

ती विचार करून म्हणाली, "ओके."

हा ओके मागच्यासारखाच होता, तोच आवाज, तोच चेहरा. मी घरी येताना वाटभर त्याचा अर्थ लावत होते.

प्रेझेंटेशन झालं. नातीने पहिल्या स्लाइडवर रेशमी मोजे ठेवले आणि शेवटच्या स्लाइडवर ट्रकची वर केलेली काच. वर्गात काय झालं ते तिने नीट सांगितलं नाही. माझे आठ मुद्दे तिने कुठेही घातले नव्हते.

महिनाअखेरीला शेजारीण गेली. मुलगी न्यायला आली होती. गाडीत बसताना शेजारणीच्या मांडीवर माझा डबा होता, बुडाला कोरलेल्या नावासकट. तिने काच खाली केली आणि हात बाहेर काढला. मी तो धरला आणि गाडी हलेपर्यंत सोडला नाही. मुलाला नंतर मला बाजूला ओढावं लागलं.

आता तिथे नवं जोडपं आलंय, कुत्रा आहे. पार्सलची गाडी गल्लीत शिरली की मी खिडकीशी असते. नात म्हणते, आजी, फोन कर ना तिला. करते, दर रविवारी. हवा विचारते, सांधे विचारते. डब्याचं विचारत नाही. तिला घाई वाटायला नको, आणि खरं म्हणजे डबा तिच्याकडे आहे तोवर काहीतरी यायचं बाकी आहे.

काडेपेटीत आता थोड्याच काड्या उरल्या आहेत. सध्या निरांजन मी ज्योतीच्या लायटरने लावते.